हळदकुंकू लावलेली झाकणं

मागच्या खोलीची खिडकी मी माझ्या हातानं खिळे ठोकून बंद केली. सागाची चौकट, सुताराच्या डोक्यावर उभं राहून करवून घेतलेली. तिच्यात खिळा जाताना वाईट वाटायला पाहिजे होतं, पण त्या दिवशी तेवढी सवड नव्हती. बायको पलंगावर उठून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, आणि श्वास आत ओढताना तिच्या गळ्यातून शिट्टी वाजत होती. आमच्या भिंतीच्या मागे कोणीतरी तारा जाळून राहिलं होतं.

हा धूर ज्यानं घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. लाकडाचा धूर डोळ्यात जातो, गोवऱ्यांचा कपड्यात बसतो. हा जिभेवर बसतो. तोंडात तांब्याचा पैसा धरावा तशी चव, वरून जळक्या रबराचा वास, आणि त्यात अजून काहीतरी गोडसर. थंडीत तर तो वर जातच नाही. जमिनीला धरून राहतो, भिंतीच्या खालून आल्यासारखा येतो, आणि बंद खिडकीच्या फटीतूनही ज्याला शोधायचं त्याला बरोबर शोधून काढतो. आमच्या घरात तो तिला शोधायचा. तिला दमा आहे.

आम्ही मूळचे नागपूरकडचे. वडील इथं जबलपूरला फॅक्टरीत लागले, त्यांच्यामागून मी लागलो. चौथीनंतर शाळा सुटली, त्याची मला लाज नाही. लेथवर हात बसला आणि त्याच हाताच्या कमाईवर गोहलपूरच्या अलीकडं हे घर उभं केलं. हे मी स्वतःच लिहून राहिलो. पोरगा म्हणाला, बाबा तुम्ही सांगा, मी टाईप करून देतो. मी म्हटलं नको. या गोष्टीत त्याचं वागणं आहे. तो टाईप करताना गोड करून टाकेल.

तर पोरगा. एकुलता एक, तो नि सून आमच्याजवळच राहतात. त्याचा कॉम्प्युटरचा क्लास आहे, आमच्याच समोरच्या खोलीत. मोहल्ल्यातल्या किती पोरीपोरांनी तिथं बोटं बडवली आणि नोकऱ्यांचे फॉर्म भरले त्याची गणती नाही. मी रिटायर झालो त्यानंतर या घराची चूल त्या खोलीवर चालली, हे मी कबूल करतो, कारण खरं आहे ते खरं आहे. दर दसऱ्याला आम्ही त्या मशीनींची पूजा करत आलो. आमच्या फॅक्टरीत दसऱ्याला मशीनी पुसून हार घालायचे, नारळ फुटायचा आणि साहेबही त्या दिवशी बूट काढून आत यायचा, तीच रीत मी घरात लावली. पोरगा मशीनी पुसायचा. बायको एकेका मशीनीच्या डब्याच्या झाकणावर हळदीनं स्वस्तिक काढायची आणि वर कुंकवाचे ठिपके द्यायची. तिच्या उजव्या हाताची करंगळीशेजारचं बोट आखडलेलं आहे, लहानपणी दारात सापडलं होतं. त्यामुळे तिच्या स्वस्तिकाचा एक पाय दरवेळी लांब जातो. असं स्वस्तिक जगात दुसरं कोणी काढत नाही.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, आणि मी साळ्याच्या पोरीच्या लग्नाला नागपूरला गेलो. बायकोला प्रवास झेपत नाही म्हणून ती घरी राहिली. परत आलो तर समोरची खोली ओळखू येईना. जुन्या मशीनी गेलेल्या, टीव्हीसारखे पोट काढलेले त्यांचे ते जाड पडदे गेलेले, आणि त्यांच्या जागी पाटीसारखे चपटे, काळे, नवे. खोलीला चुन्याचा हात मारलेला. मी विचारलं, जुने कुठं गेले. पोरगा म्हणाला, दिले एका पार्टीला, ई-वेस्टवाला होता. त्यानं तो शब्द असा टाकला की मला वाटलं असेल कोणी कायद्याचा, शिक्क्याचा माणूस. मी चांगलं म्हटलं आणि चहा मागितला. बायको तेव्हा मध्येच उठून आत गेली होती, ते मला आता आठवतं.

त्यानंतर धूर वाढला. आमच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे, त्यावर पत्र्याची शेड. आधी तिथं कोणी पलंग-कपाटं बनवायचा, तो गेला, आणि भंगाराचं काम करणारा एक जण बायकोसकट येऊन राहिला. त्याचा धूर आधीही यायचा, पण एखाद्या दिवशी. आता रोजचा झाला. डॉक्टरनं बायकोला तोंडात दाबायचा पंप दिला आणि मला सांगितलं की औषध मी देईन पण हवा तुम्हाला बघावी लागेल. तेवढं एक वाक्य त्या माणसानं बरोबर सांगितलं.

मी वॉर्डाच्या ऑफिसात गेलो. तिथं एक पोरगेला बाबू बसतो. त्याला सगळं सांगितलं, जागा सांगितली, वेळ सांगितली, बायकोची तब्येत सांगितली. तो म्हणाला, ऑनलाईन शिकायत डाल दीजिए बाबूजी, ऐसे नहीं लेते. मी म्हटलं, मैं मुँह से बोल रहा हूँ, तू कान से सुन ले. आजूबाजूचे हसले. तोही हसला, आणि म्हणाला घर में कोई पढ़ा-लिखा होगा, उससे डलवा दीजिए.

घरात पढ़ा-लिखा होताच. पोराला सांगितलं. तो हो म्हणाला. संध्याकाळी विचारलं तर सर्व्हर बंद होता. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो लागतो. फोटो काढला तर अंधुक आला. मग म्हणे शिकायत गेली, पण तिचा नंबर आला नाही, म्हणून ती गेली की नाही ते कळत नाही. मोहल्लाभरच्या लोकांचे फॉर्म भरून देणारा माणूस, ज्याच्या नावानं लोक दुसऱ्या मोहल्ल्यातून येतात, त्याला आईच्या श्वासासाठी एक अर्ज भरता येईना. मी त्याला आळशी म्हटलं, बेपर्वा म्हटलं, अजून काय काय म्हटलं. तो मान खाली घालून ऐकायचा. एवढं ऐकून घेणारा तो नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

मग एक दिवस सकाळी मी काठी घेतली आणि गल्लीला वळसा घालून स्वतःच त्या प्लॉटवर गेलो.

शेडच्या पुढे राख होती, काळी, तेलकट. एकीकडं पडद्यांचे ते जुने डबे एकावर एक चढवलेले. एकीकडं मशीनींच्या पोटातल्या हिरव्या पाट्या, त्यांच्यावर किड्यांसारखे चिकटलेले तुकडे. तो माणूस उकिडवा बसून तारांचा गोळा करून राहिला होता, जाळायला. अंगानं काटकुळा, तोंडावर गमछा. त्याची बायको आत दगडानं प्लास्टिक फोडत होती आणि खोकत होती. मला पाहून तो उठला, एक डबा पालथा घातला, त्यावर फडकं मारलं आणि म्हणाला, बैठिए बाबूजी. मी म्हटलं, बसायला नाही आलो. मेरी घरवाली मर रही है तुम्हारे धुएँ से.

 त्यानं नुसतं मागे वळून आपल्या बायकोकडं पाहिलं. तिचा खोकला थांबला नव्हता.

मी अजून बोलणार होतो. बरंच तयार करून गेलो होतो. पण तेवढ्यात माझी नजर शेडच्या मागच्या भिंतीवर गेली. भिंतीला कॉम्प्युटरच्या डब्यांची झाकणं ओळीनं टेकवून ठेवलेली होती. पुसलेली. धुरापासून लांब, वरून एक प्लास्टिकचा कागद लावलेली. प्रत्येकावर हळदीचं स्वस्तिक, प्रत्येकावर कुंकवाचे ठिपके, आणि प्रत्येक स्वस्तिकाचा एक पाय लांब.

मी विचारलं, हे काय आहे.

“पूजा वाले ढक्कन हैं बाबूजी,” तो म्हणाला. “इन पर हथौड़ी नहीं चली मुझसे. अलग रख दिए.”

“कहाँ से लाया?”

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं जसं मी त्याची परीक्षा घेऊन राहिलो. मग खालच्या आवाजात म्हणाला, “आप ही के घर से. भैया ने बुलवाया था. अम्मा ने पहले चावल डाले, फिर उठाने दिया.”

आयुष्यात माझ्यावर वरिष्ठ ओरडले, मशीननं बोट कापलं, बापाला खांद्यावर नेलं. पण त्या प्लॉटवर, त्या राखेत उभं राहून मला जे वाटलं ते वेगळंच होतं. महिनोन्‌महिने ज्याला शिव्या घातल्या तो धूर माझ्याच घरातून निघून माझ्याच घरात येऊन राहिला होता. आणि ज्याला मी वैरी समजून काठी घेऊन आलो, त्यानं आमच्या दसऱ्याची राखण केली होती.

मी एक झाकण उचललं, बगलेत मारलं आणि घरी आलो.

बायको गॅसपाशी होती. मी झाकण ओट्यावर ठेवलं. तिनं ते पाहिलं आणि गॅस बंद केला. मी विचारलं, तू अक्षता टाकल्या होत्या?

“हौ,” ती म्हणाली. “टाकल्या. जरासं सरकवलं एकेकाला, गणपतीला सरकवतो तसं. पूजा केलेली वस्तू तशीच कशी द्यायची?”

हे मला समजतं. उत्तरपूजा झाली, अक्षता पडल्या, मूर्ती जागेवरून हलवली, की तिच्यातला देव गेला. मग ती माती. मग ती पाण्यात सोडायला मन मोकळं. आमच्या घरात हे मी लहानपणापासून पाहिलं आणि आजही मानतो. पण मशीनीतला देव अक्षतांनी जात असेल, मशीनीतलं विष अक्षतांनी जात नाही. ते तिथंच राहतं, तारेत, काचेत, पाटीत, आणि कोणीतरी काडी लावायची वाट पाहतं. तिनं देवाला निरोप दिला आणि वाटलं सगळंच गेलं. असं वाटणारी ती एकटी नाही, आमचे सगळेच असे आहेत. दाराबाहेर गेलं की आपल्यासाठी ते संपलं.

मी हे सगळं बोललो, आणि हळू नाही बोललो.  मग मी विचारलं, मागे जातील हे तुला माहीत होतं?

“देताना नाही माहीत,” ती म्हणाली. “मग एक दिवस खिडकीतून झाकणं दिसली. तुम्ही खिळे मारायच्या आधी.”

“आणि गप्प राहिलीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही त्याला घराबाहेर काढलं असतं. मला धूर चालला.”

ती धूर चालला म्हणाली आणि खोकली. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की मी ओट्यावर हात आपटला, झाकण उडालं आणि खाली पडून वाजत राहिलं. बायको धूर गिळते पण नवऱ्याला सांगत नाही, का तर नवरा ओरडेल. मी ओरडतो. पण मी काहून ओरडून राहिलो हे या घरात कोणी कधी विचारत नाही, सगळे फक्त आवाज मोजतात.

पोरगा क्लास संपवून आत आला तेव्हा झाकण जमिनीवर होतं. त्याला काही सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, बाबा, सगळेच त्यालाच देतात. शाळावाले देतात, ऑफिसवाले देतात. आपण एकट्यानं न दिल्यानं काय होणार होतं. आणि मग म्हणाला, मला काय माहीत तो आपल्याच मागे जाळेल. म्हणजे दुसऱ्याच्या मागे जाळलं असतं तर चाललं असतं. हे तो बोलला नाही, पण मला ऐकू आलं.

आमच्या फॅक्टरीत प्रत्येक माणसाजवळ पितळेचे बिल्ले असत, त्यावर त्याचा नंबर कोरलेला. टूल रूममधून ड्रिल पाहिजे तर बिल्ला खिडकीत द्यायचा, तो खिळ्याला लागायचा, आणि ड्रिल हातात यायचं. ड्रिल मोडलं तर मोडलेले तुकडे घेऊन जायचे. तुकडे परत दिले की मग नवं मिळायचं. तुकडे कुठं फेकले, कोणाला दिले, नाल्यात टाकले, ही बडबड तिथं चालत नव्हती. आण, दाखव, ठेव. मोठा साहेब असला तरी. आणि जे बाद झालं ते फाटकाबाहेर जायच्या आधी घनानं ठोकून असं करायचे की पुन्हा कोणाच्या हातात ते चालू नये. इतकी वर्षं मी तसं काम केलं. माझ्या पोराला मी हे शिकवलं नाही असं कोणी म्हणू नये. दर जेवणाला ऐकवलं. त्यानं ताटाबरोबर उरकून टाकलं.

मी उठलो, समोरच्या खोलीला कुलूप लावलं, चावी बंडीच्या आतल्या खिशात टाकली आणि दारापुढे खुर्ची मांडून बसलो. म्हटलं, जुने तुकडे आण, मग नवे चालव.

त्याला वाटलं संध्याकाळपर्यंत उतरेल. मग वाटलं सकाळपर्यंत उतरेल. सकाळी पहिल्या तुकडीची पोरं आली, मी तसाच बसून. विचारायला लागली, दादाजी, आज छुट्टी है क्या? मी म्हटलं, तुम्हारे सर से पूछो. सर आत, खिडकीच्या पडद्यामागे. पोरांनी थोडा वेळ वाट पाहिली, मोबाईल पाहिले, गेली. दुसरी तुकडी आली, गेली. एका पोरीचा बाप स्कूटरवरून उतरून मला समजवायला लागला की बाबूजी बच्चों का नुक़सान हो रहा है. मी त्याला झाकण दाखवलं आणि सगळी हकीकत सांगितली, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल अशी. तो गाडीला किक मारून निघून गेला. सून आतून म्हणाली, बाबा, बेइज्जती होऊन राहिली. मी म्हटलं, होऊ दे, ती निदान धूर तर करत नाही.

दुपारनंतर पोरगा मागच्या प्लॉटवर गेला. स्वतः गेला, फोन नाही केला. त्या माणसाचाच हातठेला भाड्यानं घेतला आणि जे काही उरलं होतं ते त्यावर घालून दोघं मिळून गल्लीतून घेऊन आले: पडद्यांचे डबे, हिरव्या पाट्या, न जळलेल्या तारांचा भारा, आणि वर सगळी झाकणं. भरदिवसा. लोक ओट्यांवर येऊन पाहत होते. घरातून भंगार जाताना सगळ्यांनी पाहिलंय, घरी येताना कोणी पाहिलं नव्हतं. एकजण म्हणाला, क्यों भैया, नई दुकान खोल ली? पोराचे कान लाल झाले. मी हसलो नाही. पण खुर्ची बाजूला घेतली.

मग त्यानं मोबाईलवर बोट फिरवलं, आणि जे त्यानं इतके महिने शोधलंच नव्हतं ते चहा निवेपर्यंत सापडलं. शहरातच एक जागा आहे, परवाना असलेली, जुने कॉम्प्युटर घेणारी. ते सापडलं याचा मला जास्त राग आला. नसतं तर निदान म्हणायला जागा होती.

आम्ही सामान घेऊन तिथं गेलो, मी, पोरगा आणि ठेल्यासकट तो माणूस. मोठं गोदाम, आत पेट्या मांडलेल्या, आणि एक पोरगी हातमोजे घालून उभी, क्लासच्या पोरींच्या वयाची असेल. मी घरून घन नेला होता. बाद झालेली वस्तू ठोकून द्यायची, हे माझ्या अंगात बसलेलं आहे. पहिला पडदा ठेल्यावरून उतरवला, आडवा ठेवला आणि घन उचलला. ती पोरगी धावत आली.

“दादाजी, घन नीचे रखिए. यह फूटा तो इसका ज़हर हम सबके अंदर जाएगा.”

तिनं सांगितलं की या पडद्याच्या काचेत शिसं असतं, आत एक भुकटी असते, आणि म्हणून तो आख्खाच द्यायचा. ठोकायचा असतो तो दुसराच एक तुकडा, डब्याच्या आतली डिस्क, ज्यात सगळं लिहिलेलं राहतं. पोरगा म्हणाला त्यातलं मी पुसलं होतं. ती म्हणाली, पुसलेलं परत निघतं. मग हळूहळू बाहेर आलं की त्या डिस्कांमध्ये क्लासच्या पोरीपोरांचे फोटो होते, आधारकार्डांच्या नकला होत्या, घरचे पत्ते होते. ज्यांचे फॉर्म भरले त्यांचं सगळं. आणि त्यातल्या काही डिस्का त्या प्लॉटवरून आधीच दुसरीकडं गेल्या होत्या. कोणाकडं, ते त्या माणसालाही सांगता आलं नाही. पोरगा तिथल्या स्टुलावर बसला.  त्याचं तोंड पाहून कळलं की माझं काम झालेलं आहे.

उरलेल्या डिस्का तिनं आमच्यासमोर मशीनीत घालून भोकं पाडून दिल्या. चांगलं काम होतं, सरळ भोक, दोन्ही बाजूंनी साफ. मला एका पोरीनं घन खाली ठेवायला लावला याचा राग मला घरी येईपर्यंत होता. पण ठेवला.

आता राहिला तो माणूस. त्याला नुसतं जाळू नको म्हणून चालणार नव्हतं. तार जाळली की तांबं झटकन उघडं पडतं, सुरीनं सोलत बसलं तर दिवस जातो, आणि त्याच्या चुलीला दिवस थांबत नाही. वॉर्डाच्या बाबूनं त्याला हाकललं असतं तर तो दुसऱ्या कोणाच्या भिंतीमागे गेला असता, एवढंच. मी माझी जुनी पेटी काढली. लाकडाचा ठोकळा घेतला, त्यात तारेच्या मापाच्या खाचा पाडल्या, वरून जाड पातं तिरपं बसवलं आणि बोल्टानं आवळलं. तार खाचेतून ओढली की साल चिरून बाजूला, तांबं मोकळं. दोनदा चुकलं, पातं खोल गेलं आणि तांबंच कापायला लागलं. तिसऱ्यांदा जमलं. बायको दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, रिटायर झाल्यावर पहिल्यांदा घरात काही कामाचं केलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

ठोकळा घेऊन मागे गेलो. त्यानं एक तार ओढून पाहिली, मग त्याच्या बायकोनं ओढून पाहिली, आणि ती हसली. तो हात पुढे करून ठोकळा घ्यायला लागला. मी दिला नाही.

“पहले माचिस इधर दे.”

त्याला वाटलं मला बिडी पेटवायची आहे. मग समजलं. खिशातून काडीपेटी काढून त्यानं माझ्या हातावर ठेवली आणि मी ठोकळा सोडला. चुलीसाठी त्याच्या बायकोकडं दुसरी होती, मला माहीत आहे, मी काही मूर्ख नाही. पण तारांची काडीपेटी माझ्याकडं आली. ती आमच्या मागच्या खिडकीत ठेवलेली आहे, खिळे मी त्याच दिवशी उपटले. सागाला भोकं राहिली ती राहिली.

झाकणं घरीच ठेवून घेतली होती, त्यांच्यावरून पुन्हा वाद झाला. बायकोचं म्हणणं, एवढी पूजा झालेली, तिलवाऱ्याच्या घाटावर नेऊन नर्मदेत सोडा. मी म्हटलं, नर्मदेत पत्रा सोडणार? त्या पाण्यानं आपलं काय वाईट केलं? भेडाघाटला पाहुणे नेले की हीच बाई घाटाखालचा कचरा पाहून नाक मुरडते.  संध्याकाळी ती मागच्या अंगणात पाट टाकून बसली, उघड्या खिडकीखाली, आणि एकेक झाकण मांडीवर घेऊन ओल्या हातानं हळद पुसली. ते पाणी तुळशीत घातलं. झाकणं पोरानं त्या गोदामात दिली. एवढं बसून, वाकून तिनं काम केलं आणि गळ्यातली शिट्टी वाजली नाही. मी ऐकत होतो. मी रोज ऐकतो.

यंदा दसऱ्याला नव्या मशीनींची पूजा झाली. क्लासची पोरं उभी, पोरगा नवा कुर्ता घालून, बायकोच्या बोटाला हळद. पोरानं नारळ उचलला, मी म्हटलं थांब.

“हे जेव्हा बाद होतील तेव्हा कुठं जाणार, ते आधी सांग. यांच्यासमोर सांग.”

तो म्हणाला, बाबा, आजच्या दिवशी तरी. मी म्हटलं, आजच. त्यानं नारळ हातात धरूनच सांगितलं, त्या गोदामाचा रस्ता, डिस्क आधी काढायची, पडदा फोडायचा नाही, सगळं. आवाज चिडका होता. चिडू दे. पोरांनी ऐकलं. मग नारळ फुटला, आणि बायकोनं स्वस्तिकं काढली, एक पाय लांब गेलेली.

त्याच संध्याकाळी आम्ही मागच्या खिडकीत बसलो होतो. मागे ते दोघं तारा ओढून राहिले होते, खर्रर्र आवाज येत होता. आणि मला जिभेवर तांबं लागलं. मी उठून उभा राहिलो. धूर आमच्या मागचा नव्हता. नाल्याच्या पलीकडून, वरच्या बाजूनं येत होता, बारीक.

“आता काहून चिडता,” बायको म्हणाली. “आपला नाही तो.”

“आपल्या पोराचा नसेल. कोणाच्या तरी पोराचा आहे.”

मी तिला खिडकी लावून घ्यायला सांगितली, पेटीतून मी करून ठेवलेला दुसरा ठोकळा काढला आणि काठी शोधायला लागलो.